दोन्ही पायांवर सारखा भार

"कोणता पाय? बोटाने नको, पूर्ण हात लावून दाखवा."

आमच्या खात्यात या वाक्याशिवाय पान हलत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी डावा लिहिलेला असो की उजवा, रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, स्वतःच्या हाताने दाखवायचं आणि मगच मी त्या बाजूला शिशाचं अक्षर लावणार. उजव्याला 'आर', डाव्याला 'एल'. यंत्रं कितीही हुशार झाली तरी हे अक्षर अजून माणसाच्याच हाताने लागतं. मिरजेला हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढता काढता माझे केस पिकायला लागले, पण हा नेम मी कधी मोडला नाही. घरच्या माणसासाठी तर नाहीच.

त्या दिवशी दारात घरचाच माणूस उभा होता. श्रीरंगदादा, माझा चुलतभाऊ. पंचक्रोशीत श्रीरंगबुवा टेंभे.

"कोणता पाय?" मी विचारलं.

"आता तूच विचार मला, कोणता पाय म्हणून!" तो हसला. काठी टेकत, उजवा पाय ओढत आत आला. "अगं मृणू, या खेपेला डावा दुखतोय. एकट्या उजव्याने किती दिवस जुलूम केला त्याच्यावर! फक्त डाव्याचा काढ."

"हात लाव."

त्याने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काठी उलट्या हातात धर म्हणून किती वेळा सांगितलं तुला? उजवा अधू, तर काठी डाव्या हातात."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी. सवय गं बाई."

इथे थोडं मागे जाते. कीर्तनातही पूर्वरंग झाल्याशिवाय उत्तररंगाला गोडी नसते.

नदीकाठच्या आमच्या गावात नृसिंहाचं देऊळ आहे. वैशाखातल्या उत्सवाची शेवटची कीर्तनसेवा टेंभ्यांच्या घराची. ती जो करतो, त्याच्याकडे नारदाची गादी. गादी म्हणजे काय, तर एक साधी सतरंजी. पण तिच्यावर जो उभा राहतो त्याच्या पाया आमदारही पडतात. अनंतबुवा, म्हणजे माझे आता देवाघरी गेलेले काका, दादाचे वडील, तिच्यावर चाळीस वर्षं उभे राहिले. माझे आईवडील लहानपणीच गेले. मला वाढवलं काकांनी आणि गळा दिला तोही काकांनीच. दिवसा मी दवाखान्यात शिकायची, संध्याकाळी त्यांच्यापुढे तालीम. ते म्हणायचे, "मृणू, गादीवर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. एका पायावर रेललेला कीर्तनकार लोकांना कळतो." गादी माझ्याकडे येणार, हे त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही. पण गाव म्हणत होतं. दादाचा आवाज बरा, माझा चांगला. एवढंच.

मग तो घाटावरचा दिवस. उत्सवाची पेटी उचलून मी पायऱ्या उतरत होते, शेवाळावरून घसरले. दादाने मला मागे खेचलं आणि तोच चार पायऱ्या खाली गेला. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं. पण सांध्याला बांधून ठेवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्या एक्स-रेत दिसत नाहीत, हे मला शिकवलेलंच होतं. तो म्हणाला, आतून तुटलंय. बोगद्यासारख्या यंत्रात घालून तपासणी करू म्हटलं, तर त्याचा जीव घुसमटायचा. वाट पाहिली. पाय सरळ झाला नाही. तेव्हा मी काकांच्या पाया पडून म्हटलं, माझ्यापायी ज्याचा पाय गेला, गादी त्यालाच द्या.

या गोष्टीला एक तप लोटलं. मोडक्या पायावर तीन-तीन तास उभं राहून कीर्तन करणारा महात्मा म्हणून दादाची कीर्ती झाली. मी त्याच्या मागे झांज धरून ध्रुपद झेलत आले. त्याच्या पायासाठी दर चैत्रात महिनाभर अनवाणी चालत आले. माझ्या टाचेच्या हाडाला त्यापायी टोक आलंय; सकाळी पहिलं पाऊल टेकताना डोळ्यांत पाणी येतं. मला ते गोड लागायचं.

"फक्त डावा," दादा पुन्हा म्हणाला.

"गुडघा झिजलाय की नाही हे उभ्याने बघतात, दादा. झोपवून काढला तर सांध्यातली फट खोटीच मोठी दिसते. आणि उभ्याने दोन्ही एकत्रच काढायचे, तुलनेला. चढ चौथऱ्यावर."

तो चढला. जरा नाइलाजाने चढला, हे आता लक्षात येतं.

आता या यंत्राविषयी. आमच्याकडे आलं त्याला दोन वर्षं झाली. नाव अस्थिवाचक. देवळाच्या पायरीचा दगड पाहा. जिथे माणसांची पावलं पडतात तिथे तो झिजतो. हाडाचं नेमकं उलटं. जिथे भार पडतो तिथे ते भरत जातं. हाडाच्या आत बारीक काड्यांची जाळी असते आणि त्या काड्या भाराच्या दिशेने रांगा लावून उभ्या राहतात. नीट चालणाऱ्याची जाळी वेगळी, लंगडणाऱ्याची वेगळी. ज्या पायाला माणूस जपतो, त्याची जाळी विरत जाते. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवी गोष्ट पुढची. हाड रोज थोडंथोडं मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. नव्या बांधकामात चुना कमी असतो, तो वर्षानुवर्षं मुरत जातो. कोणता कण किती मुरलाय यावरून तो केव्हाचा, हे अस्थिवाचक ओळखतो. माणूस चौथऱ्यावर उभा राहतो, यंत्र त्याच्या पायांभोवती अर्धा फेरा घेतं आणि पडद्यावर दोन रेघा उमटतात. डाव्या पायाने कोणत्या वर्षी किती भार वाहिला, उजव्याने किती. महिना नाही सांगत, वर्ष सांगतं.

लोकांचं काय काय झालं या रेघांपायी! पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या मुलीच्या नडगीत बारीक चीर निघाली. घरी सांगून ठेवलेलं की पळणं कधीच सोडलं. रेघ म्हणाली, पळतेय. बाप दवाखान्यातच ओरडला. मंगल कार्यालयातल्या एका आचाऱ्याने उलट रेघेचा कागद छातीशी धरला, "बघा, वीस वर्षं उभा आहे मी चुलीपुढे, कामचोर म्हणता मला!" स्थळं पाहताना आता रेघा मागतात म्हणे. मला यंत्र आवडायचं. वाटायचं, देवाने माणसाच्या आत एक साक्षीदार ठेवलाय आणि आपण त्याची भाषा शिकलो.

दादा चौथऱ्यावर उभा होता. चौथऱ्यात दोन काटे असतात, प्रत्येक पायावर किती वजन आहे ते माझ्यापुढे दिसतं. मी काचेआड गेले.

"बोटं समोर. दोन्ही पायांवर सारखा भार दे."

काटा सांगत होता, सगळं वजन डाव्यावर. अधू उजव्याला जपणारा माणूस असाच उभा राहणार.

"समोरच्या भिंतीकडे बघ. हलू नकोस. थोडा वेळ लागेल."

वेळ लागला. दुखऱ्या डाव्याला ते सोसेना. आणि भिंतीकडे पाहता पाहता, स्वतःच्या नकळत, दादाने सगळा भार उजव्या पायावर घेतला. तोच पाय, जो तपभर ओढत होता. तो त्यावर शांतपणे उभा राहिला, खांबासारखा.

मी बटण दाबलं.

डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट जवळजवळ बुजलेली होती. हाडावर हाड टेकलेलं, कडांना टोकं आलेली. रोज संध्याकाळी तीन तास एकाच पायावर रेललं की असंच होतं. उजवा मात्र डोंगर चढणाऱ्याचा. जाळी दाट, वाटीच्या मागची फट मोकळी. उजव्याची रेघ अपघाताच्या वर्षी थोडी खाली आली होती, ओरखड्याएवढी. पुढच्या वर्षी ती वर गेली आणि परत कधी खाली आली नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, अक्षरं उलटी लागली. मी बाहेर येऊन पाहिलं. 'आर' उजवीकडेच होता.

"दादा," मी म्हटलं, "पहाटे टेकडीच्या पायथ्याशी जपाला बसतोस ना रे तू? रिक्षाने जातोस, झाडाखाली बसतोस?"

"बसतो की."

"तुझी नडगी म्हणते, चढतोस."

तो चौथऱ्यावरून उतरला. दोन्ही पायांनी उतरला. काठी तिथेच राहिली.

"पहिले दोन महिने खरं होतं," तो म्हणाला. "नरहरीची शपथ, मृणू. जीव जात होता."

"आणि तिसऱ्या महिन्यात?"

"तिसऱ्या महिन्यात तू बाबांच्या पाया पडलीस. गादी दादाला द्या म्हणालीस. मी दारातच होतो. तेच सांगायला आलो होतो, की बरा झालोय. दोन्ही पायांवर उभा होतो मी, सरळ. तू रडत होतीस, मग वळून पाहिलंस, आणि... पाय आपोआप उचलला गेला गं. एकदा उचलला, मग खाली ठेवायचा कधी?"

"कधीही! दुसऱ्या दिवशी! मी अनवाणी निघाले त्या पहिल्या चैत्रात!"

"ओरडू नकोस, बाहेर माणसं आहेत."

बाहेर माणसं आहेत. एवढीच काळजी त्याला तपभर होती.

तो स्टुलावर बसला. आवाज खाली आणून, कीर्तनात करुण रस आणतो तसा, म्हणाला, "देवस्थानचे दामूअण्णा मागे लागलेत. उत्सवात मोठ्या पडद्यावर माझ्या पायाचं चित्र लावायचंय त्यांना, या यंत्राचं. 'मोडक्या पायाची तपश्चर्या' म्हणून. मी काय म्हणतो, खराब गुडघा तर आहेच ना? खोटं काहीच नाही. फक्त ती तुझी अक्षरं... इकडचं तिकडे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, डावा गुडघा उजवा म्हणून दाखवायचा होता त्याला.

"आणि उद्या सर्जनने तेच चित्र उघडलं, धडधाकट गुडघा कापायला घेतला तर?"

"त्याच्या कानात सांगेन ना मी."

"भूल दिल्यावर?"

तो उठून काठीकडे गेला.

"अक्षर हलणार नाही," मी म्हटलं. "पण चित्र तुझं आहे. रुग्णाचं गुपित मी कुणाला सांगत नसते. तेवढं माझ्याकडून तुला."

"म्हणजे सांगणार नाहीस?" त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी कधी विसरणार नाही. काठी घेऊन, दार उघडण्याआधी एक श्वास घेऊन, तो उजवा पाय ओढत बाहेर पडला.

रविवारी मी घरी गेले. रेवतीवहिनी गच्चीवर कुरडया घालत होत्या. दादाची बायको, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण नात्याने वहिनी, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

"ह्यांनी सांगितलं मला, तुम्हाला कळलंय ते."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"एका खोलीत राहते मी, मृणूताई. लग्नानंतर आठवड्यातच कळलं. नवी नवरी, कुणाला सांगणार? भीतभीत मामंजींना सांगितलं."

"काकांना?"

"त्यांना आधीच ठाऊक होतं." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "म्हणाले, सूनबाई, दोघांतून एकाला निवडणं माझ्याच्याने होत नव्हतं. देवाने सोडवणूक केली. आता बसलेली गाठ सोडू नकोस."

मी कुरडयांकडे पाहत राहिले. ओल्या, पांढऱ्या, जाळीजाळीच्या.

"तुम्ही चैत्रात अनवाणी यायचात ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा मामंजी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. बाहेर येत नसत."

"म्हणजे लाज वाटायची त्यांना."

"वाटायची की."

"लाज वाटली, पण चपला घाल म्हणाले नाहीत."

वहिनींनी ताटात दोन कुरडया कडेला काढल्या, माझ्यासाठी. ओल्या कुरडया मला आवडतात हे त्यांना माहीत. मी खाल्ल्या नाहीत.

दादाचा राग आला होता, तो सोपा होता. भावाभावांत, भावाबहिणींत गादीवरून काय काय होत आलंय. पण ज्याने मला स्वर दिला, खोटं बोलणाऱ्याची जीभ जड होते असं ज्याने मांडवात शेकडोंना सांगितलं, तो शेवटपर्यंत माझी तालीम घेत राहिला. "वर घे, मृणू, अजून वर." कुणासाठी वर? दादाच्या मागे ध्रुपद झेलायला. त्या रात्रीपासून मी देवापुढे बसले तरी डोळे मिटेनात. मिटले की काकांचा चेहरा यायचा, आणि काका आणि देव यांच्यात फरक करायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

उत्सवाचा शेवटचा दिवस आला. मी जाणार नव्हते. पण झांज धरायला दुसरं कुणी नव्हतं, आणि नृसिंहाने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

मांडवात शिरताना देवस्थानचे अध्यक्ष दामूअण्णा भेटले. "ताई, तुमचं यंत्र नेमकं आत्ताच बिघडायचं होतं का हो? केवढा पडदा आणून ठेवला होता आम्ही!"

"यंत्र बिघडलं? कोण म्हणालं?"

"बुवाच म्हणाले."

मी गादीमागे जाऊन बसले. सतरंजीच्या उजव्या अंगाला काकांची तसबीर, तिला टपोऱ्या मोगऱ्याचा हार.

दादाने नमन सुरू केलं. पूर्वरंग रंगला, त्याला रंगवता येतं, हे मी नाकारणार नाही. पण डावा गुडघा आता त्याचं ऐकत नव्हता. निरूपणात वळताना तो डाव्या पायाने लंगडला. एकदा, मग पुन्हा, मग सारखाच. तपभर उजवा ओढणारा माणूस भर मांडवात डावा ओढत होता. मी लोकांकडे पाहिलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पहिल्या रांगेतल्या गोदामावशी, आमच्या शेजारच्या, डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "उजवा पाय बघ गं कसा त्रास देतोय बिचाऱ्याला." ज्याला जे बघायचं ठरवलंय तेच त्याला दिसतं, तिथे यंत्र तरी काय करणार?

पूर्वरंग संपला. भजन झालं. दामूअण्णांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला. एवढ्यात दादाचा गुडघा अडकला. त्याने पेटीवाल्याच्या खांद्याचा आधार घेतला, घामाने उपरणं भिजलेलं. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"मंडळी, आज हा देह उत्तररंगापर्यंत पोचेल असं दिसत नाही. पण काळजी नको. ज्या बहिणीला वाचवताना हा पाय मी नृसिंहाच्या पायरीला वाहिला, तीच माझी बहीण आज पुढची सेवा करील. ये, मृणू. दादाचा शब्द मोडू नकोस."

मांडवात हुंदके फुटले. टाळ्या वाजल्या. गादी मला मिळत होती. इतकी वर्षं जिच्याकडे पाठीमागून पाहिलं ती, दोन पावलांवर. फक्त त्याच्या पायाचं दान म्हणून घ्यायची, मान खाली घालून. आज घेतली की मग मीही त्या गाठीत बांधली जाणार होते, काकांसारखी.

मी उठले. टाचेत कळ आली, नेहमीसारखी. सतरंजीच्या कडेला थांबले, पाय ठेवला नाही. माइक माझ्या हातात आला होता.

रुग्णाचं गुपित मी सांगत नसते. पण एक प्रश्न मी रोज विचारते.

"कोणता पाय, दादा?"

तो हसला. लोकही हसले, भावाबहिणीचं कौतुक.

"कोणता पाय?" मी पुन्हा म्हटलं. "बोटाने नको. पूर्ण हात लावून दाखव."

तबलजीचा हात थांबला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे, जिथे वहिनी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मग त्याने काकांच्या तसबिरीकडे पाहिलं. खूप वेळ.

"अहो, उजवा ना!" गोदामावशी मदतीला धावल्या. "सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

दादा वाकला. त्याचा हात आधी उजव्याकडेच गेला, सवयीने. तिथे अधांतरी थांबला. मग सरकला आणि डाव्या गुडघ्यावर टेकला. पूर्ण हात.

"डावा," तो म्हणाला. माइक माझ्याकडे होता, तरी मांडवात शेवटपर्यंत ऐकू गेलं. "उजव्याला काही झालेलं नाही. बारा वर्षं काहीच झालेलं नाही."

कुणी उठून गेलं, कुणी "काय म्हणाले?" विचारत राहिलं. दामूअण्णा मटकन खाली बसले. दादा गादीवरून उतरला, डावा पाय ओढत, तपभरात पहिल्यांदा उघडपणे खरा लंगडत. आणि आता त्याला आधार द्यायला कुणी पुढे झालं नाही. शेवटी वहिनी उठल्या.

"उद्या दहाला ये दवाखान्यात," मी त्याला हळूच म्हटलं. "डाव्याचं बघायला हवं." याहून जास्त माझ्याकडे त्या क्षणी नव्हतं. अजूनही नाही.

मग मी सतरंजीवर पाय ठेवला. गादीवरचा बाकी सगळा रिवाज मी पाळला. नारदाला नमस्कार केला, श्रोत्यांना केला, देवाला केला. उभं राहताना आपल्या गुरूच्या तसबिरीला हात लावून डोक्याला लावायचा असतो. तेवढा नाही लावला.

पेटीने सूर दिला. मी दोन्ही पायांवर सारखा भार दिला, आणि तो सूर वर घेतला. अजून वर.